तीन नंबर रिकामा

भाऊ सगळं शून्यापासून मोजायचे.

त्यांना मुलगी एकच. पण कुणी लेकराबाळांची चौकशी केली की ते सांगायचे, "शून्य नंबरची पोरगी हाय. दहावीले." विचारणारा पुढच्या नंबरांची वाट बघत उभा राहायचा. भाऊंचं बोलणं तिथंच संपलेलं असायचं. शनिवारच्या बाजारात वांगी घेताना ते शून्यापासून सुरू करून पाचापर्यंत यायचे आणि पाच झाली म्हणून पिशवीचं तोंड बंद करायचे. पिशवीत सहा असायची. "भाऊ, तुमचं शून्य घरी ठेवून येत जा," असं म्हणून भाजीवाली एक वांगं परत काढून घ्यायची. दर शनिवारी हे व्हायचं. दोघांपैकी कुणी कधी आवाज चढवलेला मला आठवत नाही.

ह्या माणसानं मला उभं केलं. तेव्हा हे लिहितोय ते त्यांची गंमत करायला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. वाचताना गंमत वाटली तर ती त्यांची आहे, माझी नाही.

मी सातवीत असताना शाळा सुटली. सुटली म्हणजे मी सोडली, पण आमच्या घरी सुटली असंच म्हणतात. गाव सावंतवाडीच्या खाली. तिथून एका रंगाऱ्यांच्या टोळीबरोबर पत्रे, शिड्या आणि टाक्या रंगवत मी राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला आलो. चंद्रपूरच्या पुढे राजुरा, आणि त्याच्याही पुढे जिवतीचे डोंगर चालू होतात तिथं पायथ्याला सिमेंटचा कारखाना उभा राहत होता. ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं. कारखाना उभा राहिला, रंग वाळला आणि टोळी ओरिसाकडे पुढच्या कामाला गेली. मी तापानं पडलो होतो, म्हणून मागे राहिलो. वय सव्वीस. जवळ एक इंची ब्रश आणि तोंडात एक वाक्य. कुणीही मागून हाक मारली की वळायच्या आधीच मी म्हणायचो, "मी नाही केलं." शाळेतली सवय.

भाऊंनी पहिल्यांदा हाक मारली तेव्हाही मी हेच म्हणालो.

"काय नाई केलं?" त्यांनी विचारलं.

मी हातातला ब्रश पाठीमागे लपवला.

"नाई केलं त आता कर. ह्या ब्रशनं धूळ झाडता येते का तुले?"

अशी माझी भरती झाली. सिमेंटच्या कारखान्यात धूळ सगळीकडेच असते, पण भाऊंच्या ताब्यातल्या एका खोलीत ती चालत नव्हती. त्या खोलीत एका लोखंडी कपाटात परदेशातून आलेलं नवं यंत्र होतं. कारखान्यातले माल वाहून नेणारे पट्टे, पंखे, झडपा, सगळं ते चालवायचं. कागदावर त्याचं नाव पीएलसी होतं. फोरमन त्याला दिमाग म्हणायचा. भाऊ ह्या दोन्ही नावांना उत्तर देत नसत. ते त्याला बेस म्हणायचे.

बेस हा खरं तर त्या यंत्राचा सगळ्यात मागचा भाग. हातभर लांबीची पट्टी, कपाटाच्या पाठीला चार स्क्रूंनी आवळलेली. तिच्यावर ओळीनं जागा. डावीकडे पहिल्यांदा वीज पुरवणारा डबा बसतो, त्याच्या शेजारी सीपीयू, म्हणजे फोरमनचा दिमाग, आणि मग ओळीनं कार्डं. काही कार्डं बाहेरचं आत कळवणारी, कुणी बटण दाबलं, कुठला पट्टा थांबला वगैरे. काही कार्डं आतला हुकूम बाहेर नेणारी. त्या जागांचे नंबर छापलेलेच होते: शून्य, एक, दोन, असे पाचपर्यंत. म्हणजे शून्य भाऊंनी काढलेलं नव्हतं. ते खोक्यातूनच आलं होतं. भाऊंनी ते फक्त घरी नेलं.

कार्डं बसली की बेस पूर्ण झाकून जातो. त्याला दिवा नाही, बटण नाही, स्वतःची अक्कल नाही. पण एकाचं दुसऱ्याला कळतं ते त्याच्यामार्फत आणि सगळ्यांना वीज पोचते तीही त्याच्यामार्फत. "सीपीयूले सारेच सलाम ठोकतात," भाऊ म्हणायचे. "सीपीयू जळला त दुसरा येईन. बेस गेला त सारे रस्त्यावर."

पहिले पंधरा दिवस त्यांनी मला ब्रश हातात धरू दिला नाही. एक जादा बेस टेबलावर ठेवला, समोर स्टूल ठेवलं आणि म्हणाले, "देख."

"काय बघू?"

"काईच नाई ना त्याच्यावर? तेच देख."

मी बघत बसलो. मला वाटलं ही परीक्षा आहे आणि मी नापास होतोय. तिसऱ्या दिवशी मी घाबरत म्हटलं, की भाऊ, ह्याच्या प्रत्येक जागेत पिवळ्या बारीक टाचण्या आहेत आणि खाली एकेक भोक आहे. भाऊ म्हणाले, "भोक तीन दिवसानं दिसलं. ठीक हाय. इंजिनेर सायबाले अजून नाई दिसलं."

त्या भोकावर भाऊंचं सगळं शास्त्र उभं होतं. कार्डाच्या खालच्या बाजूला एक नाक असतं. ते आधी बेसच्या भोकात अडकवायचं, मग कार्डाचं डोकं मागे दाबायचं, टक् असा आवाज येईपर्यंत. उलटं केलं तर टाचण्या वाकतात. "आधी पाय, मंग डोकं," भाऊ म्हणायचे. हे वाक्य ते कुठंही म्हणायचे. बसमध्ये चढताना म्हणायचे. फोरमनला नातू झाला तेव्हा बाळाला आंघोळ घालणाऱ्या बाईलाही त्यांनी हे सांगितलं होतं. ती म्हणाली, मग उलटं कोण घालतं? भाऊंना हे उत्तर आवडलं होतं. ते दोन दिवस खुशीत होते.

दुसरी त्यांची गोष्ट म्हणजे तांब्याची पट्टी. दाराजवळ भिंतीवर ती ठोकलेली होती, जमिनीत गाडलेल्या अर्थिंगला जोडलेली. खोलीत येणाऱ्यानं आधी तिला हात लावायचा. उन्हाळ्यात तिकडची हवा इतकी कोरडी, की माणसाच्या अंगात वीज साठते, ती कार्डाला लागली तर कार्ड मरतं. मोठे साहेब, म्हणजे कारखान्याचे मुख्य, पहिल्यांदा आले तेव्हा भाऊंनी त्यांनाही दारात थांबवून पट्टी दाखवली. साहेबांनी तिला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. पुढं साहेबांसोबत आलेले सगळेच तसं करू लागले. एकदा कुणीतरी पट्टीला हळदकुंकू लावलं, ते भाऊंनी माझ्याकडून ब्रशनं झाडून घेतलं. पूजेला त्यांचा विरोध नव्हता. पूजा दाराबाहेर करा, एवढंच.

तिसरी गोष्ट चार बोटं. बेसच्या वर आणि खाली हवा खेळायला जागा लागते. किती, ते पुस्तकात मिलिमीटरमध्ये दिलेलं होतं. भाऊंनी त्याचं चार बोटं केलं आणि रोज सकाळी आडवा हात घालून तपासायचे. मग तीही सवय खोलीबाहेर गेली. बसमध्ये शेजारी कुणी बसला की भाऊ मधे चार बोटं घालून बघायचे. कारखान्याचा एक सगळ्यांचा मिळून काढलेला फोटो माझ्याकडे आहे. त्यात माणसं खांद्याला खांदा लावून कोंबल्यासारखी उभी आहेत. भाऊ एका टोकाला आहेत आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना हवा आहे.

आता तीन नंबरचं सांगतो.

आमच्या बेसवर शून्य, एक आणि दोनवर आत कळवणारी कार्डं होती. चार आणि पाचवर हुकूम बाहेर नेणारी. चारचं कार्ड कोळशाचे पट्टे चालवायचं, पाचचं दिवे आणि भोंगा. मधे तीन रिकामा. त्याचं कार्ड यादीत होतं, खोक्यात नव्हतं. पत्रं गेली, उत्तरं आली, कार्ड आलं नाही. भाऊंनी धूळ जाऊ नये म्हणून तिथं कोरं झाकण बसवलं. इंजिनियर साहेब नागपूरचे, डिग्रीवाले, स्वभावानं भले. ते कधीतरी म्हणायचे, "भाऊ, तुमचा तीन नंबर रिकामाच राहिला."

"रिकामा नाई, साहेब. येणारा हाय."

घरीही हाच प्रकार होता, पण ते मला फार उशिरा कळलं. भाऊ कॉलनीत राहायचे. मला एकट्याला स्वैपाक जमत नाही हे कळल्यावर त्यांनी दर रविवारी जेवायला यायला सांगितलं. पहिल्या रविवारी गेलो. भिंतीजवळ ओळीनं पाच पाट मांडलेले. भाऊ, त्यांच्या घरच्या बाई, मुलगी, आणि दोन रिकामे. मला वाटलं एक माझा आणि एक हात पुसायच्या टॉवेलचा. मी मुलीच्या शेजारच्या पाटावर बसलो. बाई चुलीकडून आल्या, मान वर न करता भराभर वाढत गेल्या, आणि माझ्या पानात त्यांनी लाल मिरचीचा मूठभर ठेचा टाकला. दही सगळ्यांना मिळालं, मला नाही. मी कृतज्ञ माणूस. मी तो ठेचा खाल्ला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी मी "छान आहे" म्हणालो.

भाऊंनी शेवटी वर बघितलं. "काऊन रडून राह्यला बे? अरे, तू तीनवर बसला. तो ठेचा माझ्या भावाचा. सरक तिकडे, चारवर."

त्यांचा थोरला भाऊ अहेरीकडे जंगलात बांबूच्या डेपोवर होता. सहा महिन्यांतून कधीतरी यायचा, पत्र न टाकता, नेमका जेवणाच्या वेळी. म्हणून त्याचं पान रोज मांडलेलं. तो सारखा येत नाही ह्याचा आणि पान मांडण्याचा काही संबंध आहे असं त्या घरात कुणाला वाटत नव्हतं. मी चारवर सरकलो. चारवर दही मिळालं. मी मनात एवढंच घेतलं, की मोठ्या माणसाच्या जागेवर बसलो, चूक झाली. त्यातलं शास्त्र माझ्या डोक्यात शिरलं नाही.

त्या वर्षी माझं काय टांगलेलं होतं ते सांगायला हवं. माझा गेटपास दर महिन्याला नवा व्हायचा. महिना संपत आला की मला जेवण जात नसे. भाऊंनी माझं नाव कायम करायच्या यादीत घातलं होतं आणि यादी मोठ्या साहेबांच्या टेबलावर होती. मार्चमधल्या शटडाऊननंतर निकाल लागणार होता. एवढ्यानं भागलं असतं. पण मी घरी पत्रात आधीच लिहून टाकलं होतं, की मी परमनंट झालो. आईनं ते पत्र शेजारी वाचून घेतलं होतं आणि मग गावात सगळ्यांना वाचून दाखवून घेतलं होतं. आता मला परमनंट होणं भाग होतं. नाहीतर गावाकडे जाण्यासारखं तोंड राहिलं नसतं.

शटडाऊनमध्ये पूर्ण कारखाना आठ-दहा दिवस बंद. त्यात आमचं काम म्हणजे वीज बंद करून एकेक कार्ड उतरवायचं, बेस ब्रशनं झाडायचा, कार्डं परत बसवायची. भाऊंच्या मुलीची दहावीची परीक्षा होती. ते दोन दिवस तिला घेऊन चंद्रपूरला गेले. जाताना म्हणाले, "तुले जमते. आधी पाय, मंग डोकं."

सगळं मी त्यांच्यासारखं केलं. पट्टीला हात लावला. कार्डं उतरवली, फडक्यावर ओळीनं ठेवली. बेस झाडला. शून्य बसवलं, टक्. एक, दोन, टक् टक्. आणि मग तीनच्या रिकाम्या जागेपाशी माझा हात थांबला.

आमच्या गावच्या पंगतीत मधे पान रिकामं ठेवत नाहीत. कुणी आलं नसेल, कुणी उठून गेलं असेल, तर वाढपी ओरडतो, "सरका रे, सरका, मधे खिंड नको." मग सगळे एकेक पान सरकतात आणि रिकामी जागा शेवटाला जाते. उशिरा आलेला शेवटी बसतो. मधे रिकामं पान म्हणजे कुणाचं तरी बरंवाईट चिंतल्यासारखं. लहानपणापासून मी सरकत आलेलो. आणि हातात काम असताना मी जरा खुशीत होतो. मी चारचं कार्ड तीनवर बसवलं आणि पाचचं चारवर. कार्डांना जोडलेल्या बाहेरच्या तारा तेवढ्या पुरल्या. कोरं झाकण पाचवर लावलं. मग रंगारी बघतात तसा दोन पावलं मागे सरून, एक डोळा मिटून बघितलं. ओळ सलग दिसत होती. मला वाटलं, भाऊ खुश होतील.

कारखाना चालू करायच्या दिवशी मोठे साहेब आले. भाऊही पहाटेच्या बसनं आले होते, ते कोपऱ्यात उभे. नारळ दाराबाहेर फुटला. साहेबांनी पट्टीला हात लावला, कपाळाला लावला, टेबलापाशी आले आणि कोळशाच्या पट्ट्याचं हिरवं बटण दाबलं.

कारखान्याचा भोंगा वाजला.

सकाळचे दहाही वाजले नव्हते. भोंगा थांबेना. पट्टा जागचा हलेना. साहेबांनी इंजिनियर साहेबांकडे बघितलं.

"ये क्या है?"

"सर, भोंगा है."

"वो तो मैं भी सुन रहा हूँ."

लाल बटण दाबलं, भोंगा थांबला. पुन्हा हिरवं दाबलं, पुन्हा भोंगा. तिकडे बाहेर पहिल्या भोंग्याला सगळी माणसं हत्यारं टाकून डबे सोडायला गेली होती. दुसऱ्या भोंग्याला जेवणाची सुट्टी संपली असं समजून ती डबे बांधून परत आली. इंजिनियर साहेबांनी खात्री करण्यासाठी तिसऱ्यांदा बटण दाबलं. पाठीमागच्या गावातल्या शाळेत घड्याळ नव्हतं, ती आमच्या भोंग्यावर चालायची. गुरुजींनी शाळा सोडली. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. आत खोलीत फक्त एवढं दिसत होतं, की हिरवं बटण दाबलं की भोंगा वाजतो, आणि मी घामानं भिजलोय.

भाऊ कोपऱ्यातून निघाले. पट्टीला हात लावला. कपाटाचं दार उघडलं, बघितलं. कोरं झाकण शेवटी होतं. त्यांनी वीज बंद केली आणि मागे न वळता विचारलं, "कोणी केलं?"

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. "मी ना," एवढं बाहेरही आलं. भाऊ वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. रिकामा बेस दिसतो तसा चेहरा. माझ्याच्यानं पुढचं झालं नाही.

"मी केलं," मी म्हणालो.

"काऊन?"

"मधे रिकामं बरं दिसत नव्हतं. आमच्याकडे पंगतीत... सरकतात."

मोठ्या साहेबांनी इंजिनियर साहेबांना विचारलं, हा काय म्हणतो. इंजिनियर साहेबांनी हिंदीतून सांगितलं, की सर, इनके गाँव में खाने की पंगत में खिसकते हैं. साहेबांना ते कळलं नाही, हे उघड होतं.

"साहेब, मी सांगतो," भाऊ म्हणाले. "माझ्या घरी तीन नंबरवर माझा भाऊ बसते. त्याले ठेचा लागते. चारवर हा पेंटर बसते. याले दही. आमची बाई वाढताना तोंड पाहून वाढत नाई, जागा पाहून वाढते. तीनवर कोणीही बसला, ठेचाच भेटन. हा मांगं बसला होता, खाल्ला त्यानं. विचारा."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"तसंच हे. सीपीयू कार्डाचं तोंड पाहत नाई. पट्ट्याचा हुकूम चार नंबरले वाढते. तिथं आज भोंग्याचं कार्ड बसून हाय. तुम्ही पट्ट्याचं पान वाढलं, भोंग्यानं खाल्लं."

इंजिनियर साहेबांनी हेही हिंदीत सांगितलं. साहेबांनी वाकून कपाटात बघितलं. मग म्हणाले, "और पट्टेवाला कार्ड?"

"तो तीनवर उपाशी बसला हाय."

मग भाऊ बाजूला झाले, दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि मला म्हणाले, "काढ. बसव."

पाच-सहा माणसं माझ्या पाठीशी उभी होती. मी पट्टीला हात लावला. पाचवरचं झाकण काढलं. चारवरचं कार्ड उतरवलं, पाचवर नेलं. नाक भोकात, मग डोकं. टक्. तीनवरचं चारवर. आणि मग कोरं झाकण हातात घेऊन मी तीनवर लावलं. भाऊंनी एकदाही हात पुढं केला नाही. फक्त शेवटी खाली वर चार बोटं घालून बघितली, आणि वीज चालू केली.

साहेबांनी हिरवं बटण दाबलं. लांब कुठंतरी पट्टा फिरल्याचा आवाज आला. भोंगा वाजला नाही. त्या दिवशी बाराच्या भोंग्याला मात्र कारखान्यात कुणीही जेवायला गेलं नाही. आधी कुणाला तरी विचारून येऊ म्हणाले.

संध्याकाळी भाऊंनी नोंदवहीत लिहिलं. ते मी वाचलं. "पेंटर याने चारचे कार्ड तीनवर व पाचचे चारवर बसविले. कारण विचारता, मधे रिकामे बरे दिसत नव्हते. त्यानेच परत लावले. पट्टा चालू. भोंगा बंद." खाली सही.

"भाऊ," मी म्हटलं, "साहेब ही वही बघतात. माझं नाव तेवढं काढा ना. नुसतं चूक झाली असं लिहा."

"काऊन? तू केलं नाई का?"

"केलं."

"लावलं कोणी?"

"मीच."

"मंग दोन्हीकडे तुझंच नाव येईन ना."

त्यांनी वही मिटली. मी खोलीवर जाऊन ब्रश धुऊन ठेवला आणि घरी काय पत्र लिहायचं ते मनात जुळवू लागलो. कायम झालेला माणूस परत का येतो, ह्याला काही मजकूर सुचेना.

महिनाअखेरीला मोठ्या साहेबांनी बोलावलं. टेबलावर यादी होती आणि तीच नोंदवही उघडी होती. साहेबांनी वहीवर बोट ठेवून विचारलं, "ये सब सच है?"

"हां साहेब."

"दोनो?"

"हां साहेब. बिगाडा भी मैंने, बनाया भी मैंने."

साहेबांनी वही मिटली. वर डोंगरावर, चुनखडीच्या खाणीजवळ, दगड फोडायच्या क्रशरवर माणूस हवा होता. तिथं कुणी जायला तयार नव्हतं. ना दुकान, ना बस, भोवती झाडं आणि खाणीची धूळ. तिथं एक छोटा बेस होता. त्याला सीपीयू नसतो. फक्त वीज देणारा डबा, लांबून केबलनं आलेला हुकूम घेणारं एक कार्ड, आणि पुढं दोनचार कार्डं. साहेब म्हणाले, "परमनंट. लेकिन ऊपर. और वहाँ कोई जगह ख़ाली दिखे तो हाथ मत लगाना."

मी बाहेर येऊन भाऊंच्या पाया पडायला गेलो. त्यांनी पाय मागे घेतले, आधी पट्टीला हात लाव म्हणाले. मी विचारलं, तुम्ही साहेबांकडे गेला होता का माझ्यासाठी. म्हणाले, "मी काऊन जाऊ? तिकडे मले जागा नाई." खरं काय ते मला आजही माहीत नाही. इंजिनियर साहेबांना विचारलं तर ते नुसते हसले.

क्रशरवर रोज सकाळी नऊला फोन वाजायचा.

"पेंटर, दिवा?"

"हिरवा, भाऊ."

"चार बोटं?"

"आहेत."

"ठीक." फोन बंद. एवढंच बोलणं. डोंगरावर पावसात वीज पडायची, केबल कधी कधी मरायची, मग मी एकटाच त्या बिनडोक बेससमोर बसून राहायचो. पण नऊ वाजले की फोन वाजायचा. रविवारी ट्रकनं खाली उतरून चारवर जेवायला जायचो. तीन रिकामाच असायचा. इकडे कारखान्यातलं तीन नंबरचं कार्डही आलं नाही. पुढं कधीतरी सगळं यंत्रच बदललं, तोवर आलं नव्हतं. कोरं झाकण शेवटपर्यंत तिथं होतं.

कायम झाल्यावर पहिल्यांदा मला लांब रजा मिळाली. चार वर्षांनी घरी गेलो. आई मला गावात सगळ्यांकडे दाखवून आली. एका लग्नात पंगतीला बसलो होतो, शेजारचा उठून गेला. वाढपी ओरडला, "सरका, सरका." पलीकडचे सरकले. मी सरकलो नाही. माझ्या आणि त्यांच्या मधे एक पान रिकामं राहिलं आणि लोक म्हणाले, तिकडे जाऊन शिष्ट झाला.

रजा वाढत वाढत महिन्यावर गेली. मी कुणाला कळवलं नाही. परतताना मनात तीच जुनी भीती: एवढे दिवस जागेवर नव्हतो, आता कुणीतरी सरकून बसलं असेल. चंद्रपूरला उतरून पुढची बस पकडली आणि रविवारी भर दुपारी कॉलनीत पोचलो. भाऊंच्या घराचं दार उघडं होतं. आत जेवणं चालली होती.

तीन नंबरवर एक माणूस बसला होता. भाऊंहून रुंद, खाकी शर्ट, बाह्यांना बांबूच्या कुसळांचे ओरखडे. तो ठेचा खात होता आणि त्याच्या डोळ्यांत टिपूसही नव्हता. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि भाऊंना विचारलं, "हाच का तो भोंगेवाला?"

"हाच," भाऊ म्हणाले.

त्याच्या शेजारी चार नंबरचा पाट. ताट मांडलेलं, शेजारी पाण्याचा लोटा भरलेला. मी दारातच थांबलो. "बाई, कुणी येणार आहे का? मी मग येतो."

"कोण येईन?" बाई चुलीपाशी पाठमोऱ्या होत्या, त्यांनी मान वळवली नाही. "तुमचंच हाय. गेले तवापासून रोज मांडून राह्यलो ना."

मी पिशवी घेऊन तसाच पुढं झालो. भाऊंनी ताटातून नजर वर केली नाही.

"आधी पाय," ते म्हणाले.

मी बाहेर जाऊन पाय धुतले, आलो, बसलो. बाईंनी मान वर न करता दही वाढलं. भाऊंचा भाऊ बऱ्यापैकी पसरून बसला होता. भाऊ हात पुसून उठले, त्याच्या आणि माझ्या पाटामधे चार बोटं घालून बघितली, अंतर बरोबर होतं, आणि ते परत शून्यावर जाऊन जेवू लागले.